मोठ्या बाईंची फुली

वहिनी, विश्वास ठेवायचा तर ठेव, पण आधी दार लोटून घे. परवा दुपारी जेवायच्या सुट्टीत मी आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये धाकटीच्या रक्ताची प्लेट बघायला गेले, तेव्हापासूनचं आहे हे.

धाकटीच्या रक्तात जंतू शिरलेले. वॉर्डात ती तापाने फणफणलेली, आणि तिचं रक्त मीच काढलं होतं. सख्ख्या बहिणीचा दंड, नजर तिच्या तोंडाकडे गेली आणि तीच सुई माझ्या बोटात घुसली. मी कुणाला बोलले नाही.

कुठलं औषध चालणार नाही ते आता कॉम्प्युटर आधीच सांगतो. पूर्वी आमच्या लॅबच्या मोठ्या बाई सांगायच्या. प्लेटवर जंतू पेरून वेगवेगळ्या औषधांच्या सहा टिकल्या ठेवायच्या. काही उगवायच्या आत बाई प्लेट नाकाशी धरत, आणि जी टिकली हरणार तिच्याखाली काचेवर लाल पेन्सिलीने फुली मारत. दुसऱ्या दिवशी तस्संच निघायचं. मी म्हणायचे, "बाई, भविष्य सांगू म्हणून पाटी लावा बाहेर." गेल्या वर्षी याच तापाने त्या गेल्या. पेन्सिल त्यांचा मुलगा घरी घेऊन गेला.

परवा प्लेटा उबेत ठेवायचा तो इनक्युबेटर उघडला तर लवंगेचा वास. बाईंच्या तोंडात कायम लवंग असायची... मी प्लेट उलटी केली. पाच फुल्या. कॉम्प्युटरने सुचवलेल्या औषधाखालची तर दोनदा गिरवलेली. मोकळं फक्त सहावं, मूत्रपिंडाला जड म्हणून कुणी देत नाही ते.

प्लेट घेऊन डॉक्टरांकडे धावले.

"हे कुणी केलं?"

"सर... बाई कधी चुकल्या होत्या का?"

त्यांनी प्लेट उजेडाकडे धरून फुल्या मोजल्या. मग केसपेपरवरचं औषध खोडून सहावं लिहिलं.

काल सकाळी त्या पाचही टिकल्यांना जंतूंनी वेढून टाकलं होतं. संध्याकाळी धाकटीचा ताप उतरला, तिने पाणी मागितलं. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले.

आज दुपारी इनक्युबेटरमध्ये एक प्लेट जास्तीची होती. मी लावलेली नाही, दुसऱ्या कुणी लावलेली नाही. लेबल कोरं. पुन्हा तोच वास. उलटी करून बघितली तर सहाच्या सहा टिकल्यांखाली फुल्या, आणि पेन्सिलीचा लाल रंग अजून ओला असल्यासारखा बोटाला लागला. सुई टोचली होती त्याच बोटाला.

सकाळपासून ते ठणकतंय, वहिनी. जरा माझ्या कपाळाला हात लावून बघ ना... गरम लागतंय का?