तांबड्या वाकणावरचा फोन

आमच्या कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही. खेडजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपन्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. आत सॉल्व्हंटच्या वाफा असतात आणि एक ठिणगी पुरते. गेटवर लाकडी खणांचं कपाट आहे. खणात फोन ठेवायचा, टोकन घ्यायचं आणि आत जायचं. माझा खण एकेचाळीस नंबरचा. भागोजी वॉचमन त्या कपाटाला असा जपतो की त्याच्यासमोर स्वतःचा फोन काढायचीही चोरी वाटते.

मी तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट, परमिट, आगीच्या कवायती हे रोजचं काम, आणि दर तीन महिन्यांनी ड्रायव्हर लोकांचा वर्ग. ताशी साठच्या वेगाने चाललेली गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. म्हणजे दोन सेकंद फोनकडे बघितलंत की तेहतीस मीटर तुम्ही डोळे मिटून गाडी हाकलीत. हे मी इतक्यांदा सांगितलंय की ड्रायव्हर मंडळी माझ्या माघारी मला 'तेहतीस मीटर बाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. नवऱ्यानेही ते नाव कुठून तरी मिळवलं आणि घरात सुरू केलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला महिपतची बस तांबड्या वाकणावर घासली. महिपत हा आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, पहिल्या पाळीची माणसं त्यांच्या त्यांच्या गावी सोडणारा. हे वाकण, म्हणजे वळण, खेडहून मंडणगडाकडे जाताना नऊ किलोमीटरवर आहे. रस्ता रुंद करताना जांभा उभा कापलाय, त्यामुळे एका बाजूला दोन पुरुष उंचीची लाल भिंत आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली भाताची खाचरं. बसचा आरसा तुटला, पत्रा सोलला. माणसं बचावली.

"फोनवर होतात?" मी विचारलं.

"व्हतू," महिपत म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही. "गाडीवर कदी घेत नाय, म्याडम. पन घरचा व्हता. बायकोनं इचारलान, कुटवर आलाव. सांगितलं. मग म्हनली, इकडं बगा."

"इकडे म्हणजे कुठे?"

"ताच कळंना. म्हनून बगत व्हतू."

त्याच्या फोनमध्ये नोंद होती. 'घर', तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं, दीड मिनिट. माझी पद्धत अशी की मी घरच्यांनाही समज देते, कारण ड्रायव्हरला फोन करणारं माणूस तितकंच जबाबदार असतं. मी भागूबाईंना, म्हणजे महिपतच्या बायकोला, फोन लावला आणि माझं तेहतीस मीटरचं पुराण सुरू केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाय, मी त्या वक्ताला भात झोडत व्हते. फोन घरात, चार्जिंगला. मी कशाला करू?"

बाई घाबरून नाकारतेय, असं मला वाटलं. अहवालातल्या 'कारण' या रकान्यात मी 'वाहनचालकाचे दुर्लक्ष' असं लिहिलं आणि फाइल बंद केली.

दहा दिवसांनी सर्वेशचा आजारपणाच्या रजेचा अर्ज आला. तो आमच्याकडे ड्रमची पिकअप चालवतो. सुट्टीच्या दिवशी आईचे डोळे दाखवायला तिला मंडणगडाकडून खेडला आणत होता. तांबड्या वाकणावर गाडी गटारात गेली आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मी खेडच्या दवाखान्यात त्याला बघायला गेले. तो गोळीच्या गुंगीत होता. आई, मैनाताई, स्टुलावर बसली होती.

"फोन आला होता का त्याला?"

 तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आला व्हता."

"कुणाचा?"

"माजा."

मला वाटलं, मीच काही चुकीचं विचारलं. ती खाली मान घालून सांगत राहिली. "मी त्याच्या बाजूला बसलेली. माजा फोन माज्या पिशवीत. ह्यानं कानाला लावलान आनि म्हनतो, आये, वाकनावर आलो. मी म्हटलं, अरे, कुनाशी बोलतोस? मी हितं हाय. त्यानं माज्याकडं बगितलान, बाय. पन मी दिसत नव्हते त्याला. मग म्हनतो, कुटं बगू आये? आनि गाडी गेली."

दवाखान्याच्या जिन्यात मी थोडा वेळ बसून राहिले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. माझ्या आजोळी अंगात यायचं तेव्हा मी पुस्तक घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायची. पण महिपत आणि मैनाताईंची एकमेकांशी साधी ओळखही नव्हती, आणि दोघांनी सांगितलेलं तेच होतं. मी पुन्हा 'दुर्लक्ष' लिहिलं. दुसरं लिहायला रकाना नव्हता.

पुढच्या रविवारी मी आणि विनीत, माझा नवरा, मोजपट्टी घेऊन वाकणावर गेलो. विनीत शेतीपंप दुरुस्त करतो. मंडणगड तालुक्यात त्याची बरीच गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे तो रस्ता त्याच्या रोजच्या पायाखालचा. त्याने पट्टीचं टोक धरलं आणि मी मोजत गेले. वळण काही फार अवघड नव्हतं. उतार बेताचा, डांबर चांगलं. खाली कापलेल्या भाताचा गोडसर वास येत होता. कुठे घर नाही, घुमटी नाही, दगडाला शेंदूरसुद्धा नाही. वारा पडलेला होता. तिथे उभं राहिल्यावर एवढंच वाटत होतं की कुणीतरी आत्ताच बोलायचं थांबलंय.

मी फोन काढून बघितला. रेंज नव्हती. विनीतचा फोन दुसऱ्या कंपनीचा. त्यालाही एक रेघ नव्हती.

"इथे फोन लागतच नाही गं," तो म्हणाला. "कधीच नाही. लागत असता तर मी रोज इथून तुला पिडलं नसतं का?"

त्या रात्री जेवताना मी त्याच्याकडून वचन घेतलं. मंडणगडहून निघताना फोन बंद करायचा, हत्यारांच्या पिशवीत घालायचा आणि पिशवी डिकीत. घरी येईपर्यंत काढायचा नाही.

"आणि तुझा फोन आला तर?"

"माझा आला तरी घ्यायचा नाही."

"खरंच तुझा असला तर?"

"नसेल. मी करणारच नाही."

तो हसला. "हुकूम, तेहतीस मीटर बाई."

लग्नाला आठ वर्षं झाली होती आमच्या. विनीतने माझं कुठलंही म्हणणं कधी मोडलं नव्हतं. एरवी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्याचीच भीती वाटायला लागली. माझ्या आवाजाने कुणी काही सांगितलं, तर हा माणूस ते ऐकणार.

रोज संध्याकाळी तो अंगणात गाडी लावायचा, माझ्यासमोर डिकी उघडायचा आणि फोन चालू करून दाखवायचा. बारा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी आपण जरा वेडेपणाच करतोय असं मला वाटायला लागलं होतं. तेराव्या दिवशी शनिवार होता.

तीन वाजून पाच मिनिटांनी माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजला. भागोजी होता.

"म्याडम, तुमच्या खणातला फोन सुरू हाय."

"वाजतोय?"

"नाय. बोलतोय कुनीतरी त्यात."

प्लांटमध्ये धावायचं नाही, हा नियम मीच केलेला आहे, प्रत्येक भिंतीवर त्याची पाटी आहे. ड्रमच्या शेडपर्यंत मी भराभर चालले. तिथून पुढे धावले.

खण एकेचाळीसमध्ये स्क्रीन उजळलेला होता. 'विनीत'. माझ्या फोनवरून त्याला केलेला कॉल, चार मिनिटं आणि वर काही सेकंद. भागोजी दोन पावलं मागे सरकून उभा होता. मी फोन कानाला लावला.

"...बंदच केला होता गं," विनीत सांगत होता. मागे गाडीचा आवाज येत होता. "तरी डिकीत सारखा वाजत होता. शेवटी थांबून काढला. बोल ना."

"विनीत, गाडी बाजूला घे. फोन ठेव."

तो गप्प होता, कुणाचं तरी ऐकून घेतोय तसा. मग म्हणाला, "बरं बाई, नाही ठेवत."

"विनीत, ही मी आहे. मी बोलतेय. गाडी थांबव!"

"हो, दिसायला लागली लाल भिंत. आलोच वाकणावर."

माझा अंगठा लाल बटणावर होता. कॉल तोडला तर तो पुन्हा लावायला खाली बघेल. दोन सेकंद, तेहतीस मीटर. नाही तोडला तर तो बोलत राहील. आयुष्यभर मी लोकांना जो हिशेब शिकवला तो माझ्याच काही कामाचा नव्हता. मी कॉल तोडला.

लगेच पुन्हा लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेला, नम्र आवाज आला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

पुन्हा लावला. व्यस्त आहे.

गेटबाहेर महिपतची बस पहिल्या पाळीची माणसं भरून निघायच्या बेतात होती. मी चढले आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. "तांबडं वाकण," एवढंच म्हणाले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता गियर टाकला.

वाटेत मी पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "अपघात कुठे झालाय?"

"अजून झाला नाहीये."

"मग नक्की काय झालंय, मॅडम?"

 मी फोन ठेवला आणि पुन्हा विनीतला लावला. व्यस्त.

महिपत चाळीसने चालवत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी शिकवलं होतं तसं. त्याला जोरात चालवा म्हणावंसं वाटत होतं.  खेड गेलं. पूल गेला. प्रत्येक वेळी व्यस्त. शेवटी शेवटी त्या शब्दाचाच मला आधार वाटायला लागला. बोलतोय म्हणजे आहे.

मग रेंजच्या रेघा गेल्या.

वाकणावर माणसं जमली होती. लाल भिंतीवर ओरखडा नव्हता. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. कठड्याचे दोन दगड तेवढे जाग्यावर नव्हते.

खाचरातून चौघं जण एक चादर धरून वर येत होते. चादर तोंडावरूनही घेतलेली होती. एका बाजूने बूट दिसत होता. त्याची नाडी मी सकाळी त्याच्यावर ओरडून बांधायला लावली होती.

"कधी झालं?" महिपतने कुणाला तरी विचारलं.

"अर्धा तास तरी झाला. जाग्यावरच गेला."

अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी त्याला किती फोन लावले होते ते मला आठवत नाही. प्रत्येक वेळी तो कुणाशी तरी बोलत होता.

तेव्हा मला कठड्यापाशी उभा असलेला माणूस दिसला. पन्नाशीचा, अंगावर भाताचा भुसा, कमरेला विळा. त्याने विनीतचा फोन कानाला धरला होता.

"बाबल्या, ठेव तो फोन," कुणीतरी म्हणालं. त्याने ऐकलं नाही.

मी त्याच्यापुढे जाऊन हात पसरला. "द्या इकडे."

"थांबा वो बाय." त्याने मला हाताने मागे सारलं, अगदी हळुवारपणे. "ह्येंची बायको हाय फोनावर. तिला नीट सांगू तरी द्या."

"मी त्यांची बायको."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता संशय होता. फोनमधून त्याला काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण त्याने मान डोलावली आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हां, आली हाय," तो फोनमध्ये म्हणाला. "पिवळी ओढनी."

मग थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं.

"नाय," तो आवाज खाली घेऊन म्हणाला. "अजून रडली नाय."