उत्तर कुणी दिलं?

आमच्या दरीत मोबाइल चालवायला बंदी, मायक्रोवेव्हला बंदी, आणि कुणी चोरून चालवलाच तर मी दारात हजर. वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरांत आकाशातल्या रेडिओलहरी ऐकणारी भलीमोठी तबकडी, म्हणजे रेडिओ दुर्बीण, उभी होती, तिला आमची जराशी खुडबुडही खपत नसे. पेट्रोल गाडीची ठिणगीसुद्धा तिला ऐकू जायची, म्हणून मी डिझेलचा ट्रक घेऊन हिंडायचो. हातातल्या लहरी-मापकाचा काटा जिथे उडेल, त्या घराचं दार वाजवायचं. "आला बघा गप्प बसवणारा," लोक म्हणायचे, आणि वर कॉफीही पाजायचे. बहुतेक वेळा विजेवर तापणारी एखादी जुनाट चादर निघायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी, नुकताच बर्फ पडून गेला होता, तेव्हा व्हॅनेटा प्रुइटबाईंनी मला घरी बोलावलं. परग्रहावर कुणी आहे का, हे ऐकण्यात बाईंचा जन्म गेला होता. महिनाअखेर त्यांचं काम बंद होणार होतं. फुप्फुसांनी तर आधीच हात टेकले होते.

"डेलबर्ट, हाक आलीय," बाई म्हणाल्या. "पण आपल्यातल्याच कुणाची नाही ना, ते आधी बघायला हवं. जा. आणि... काही सापडू देऊ नकोस रे."

"सापडलं तर सांगावंच लागेल, बाई."

"ठाऊक आहे मला. पण सगळा जन्म हाका ऐकायला बसले, तर जाताना एकदा तरी कुणी ओ द्यायला नको का?"

मी ट्रक काढला.

काटा मला नेत नेत केसलरांच्या घरापाशी घेऊन आला. ते घर कधीचं ओस पडलेलं, वीजही तोडलेली. अंगणातल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दार ढकललं तर विझलेल्या राखेचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. आत माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला.

स्वयंपाकघरात राखाडी कोट घातलेला एक माणूस बसला होता. मांडीवर माझ्यासारखंच मापक.

"त्रास देतो, माफ करा," मी सवयीनं म्हणालो. "इथून आवाज येतोय."

"माझाच आहे. बंद करतो." त्यानं बोट ठेवलं आणि माझा काटा खाली पडला.

म्हणजे बाईंची हाक ती हीच. मला फार वाईट वाटलं. "तुम्ही आमच्याच कामातले का?" मी विचारलं.

"हो. आम्ही आधी हाक मारतो... कोण ओ देतं ते बघतो... मग जाऊन त्यांना गप्प करतो."

तपासणीची ही नवी तऱ्हा असेल, असं वाटलं. "बाकीच्या दऱ्यांमध्ये पण?"

"सगळीकडे जाऊन आलो. शांत आहे आता. ही एकच राहिली होती." तो अगदी हळू बोलत होता. "मघाशी इथून उत्तर आलं... कुणी दिलं?"

मी चरकलो. बाईंकडे चाचणीसाठी संदेश पाठवायचं एक छोटं यंत्र होतं. ते लावायला सक्त मनाई. राहवलं नसेल बिचारीला. पण आमच्या कामात एकमेकांपासून पत्ता लपवायची पद्धत नाही.

"म्हाताऱ्या आहेत, आजारी आहेत. ओरडू नका त्यांच्यावर," मी म्हणालो, आणि सांगून टाकलं: चर्चवरून डावीकडे, हिरवं दार.

"आम्ही ओरडत नाही," तो म्हणाला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. थंडीनं माझ्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या तोंडातून निघत नव्हती... आणि पुढच्या क्षणी खुर्ची रिकामी होती.

ट्रक कसा हाकला, देव जाणे. चर्चवरून वळलो तर हिरवं दार सताड उघडं. बाई खुर्चीत होत्या, जिवंत होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. एकच शब्द होता तो, पुन्हा पुन्हा. बघता बघता मला वाचता आला.

आहेत... आहेत...

"बाई!" मी ओरडलो. घशाला ताण जाणवला, कानांवर काहीच आलं नाही. मी टेबलावर मूठ आपटली, खुर्ची पाडली. काही नाही.

बाहेर शेजाऱ्यांचा कुत्रा मान वर करून जिवाच्या आकांतानं भुंकत होता. त्याचाही आवाज येत नव्हता.