अर्थिंगचा स्क्रू

आमच्या दुकानात कुणी सहज येत नाही. मिक्सर जळाला, पंखा थांबला की येतात. दुरुस्त झाला की जातात. बाबा गेल्यापासून पिंपळगाव राजातलं हे दुकान मी एकटीच चालवते. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतो तो रेडिओ... तोही कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेला.

त्या दुपारी एका ॲपेतून भलंमोठं लोखंडी कपाट उतरलं. त्याला टीव्ही, बटणं आणि नाणं टाकायची फट! मागोमाग उतरला तो — कुरळे केस, शर्टावर रंगाचे डाग.

"व्हिडिओ गेम हाय. घरीच बनवला," त्यानं प्लग लावला. "नाणं टाकलं की चालू व्हाले पाह्यजे. होत नाही."

मी कपाटाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, करंट मारते हे!"

"थोडासाच. मले वाटलं, मी आवडतो म्हणून गुदगुल्या करते."

हसू आलं होतं, पण मी हसले नाही. प्लग काढून पाहिला. तिसरी, अर्थिंगची पिन कापलेली!

"हे कोनं केलं?"

"मीच. जत्रेतल्या बोर्डाले दोनच भोकं राह्यतात ना..."

"अन् एखाद्या लेकराले शॉक बसला असता तं?"

त्याचा चेहरा पार उतरला. "चुकलंच माह्यं," तो म्हणाला. एवढ्या सरळ चूक कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तेव्हाच तो मला आवडला.

हर्षल त्याचं नाव, जळगाव जामोदचा. दोन दिवस तो येत राहिला. मी नवा प्लग लावला, नाणं ओळखणाऱ्या डब्याला वेगळा अडॅप्टर दिला.

"याचे बारा व्होल्ट थेट गेमच्या बोर्डात गेले तं बोर्ड जळते. मधात ही चिप लागते," मी सांगत होते. "टॉर्च इकडं धरा. उजेड पडून नाही राह्यला."

"पडून राह्यला ना... बरोबर जागी पडून राह्यला."

टॉर्चचा उजेड माझ्या चेहऱ्यावर होता. मी मान वर केली नाही. कान मात्र तापले.

शेवटी उरला कपाटाच्या अर्थिंगचा स्क्रू. माझा हात थांबला. जरासा ढिला ठेवला तर कपाट पुन्हा करंट मारेल... तो आठ दिवसांत परत येईल! खरंच, असं मनात आलं. मग त्या फटीपाशी टाचा उंचावणारी लेकरं डोळ्यांसमोर आली. मी स्क्रू करकचून कसला. स्वतःचा इतका राग आला की डोळे भरले.

नाणं टाकलं, गेम वाजू लागला.

"आता बिघडनार नाही," मी म्हणाले.

"बिलकुल?"

"बिलकुल नाही."

"बरं..." म्हणाला आणि गेला.

दीड महिना झाला. ॲपे थांबली की माझी मान वर व्हायची. एकटी मी आधीही होते. आता ते रोज कळत होतं.

आणि एका दुपारी तो दारात. हात रिकामे.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"काहीच नाही! रोज वाट पाह्यतो, आज तरी बंद पडंल. पन तुम्ही असं पक्कं करून देल्लं, की इथं याले बहानाच नाही ठेवला."

"मंग काऊन आले?"

तो उंबऱ्यातच घुटमळला. "सहज..."

मी स्टूल पुढे सरकवला आणि रेडिओ बंद केला.

"बसा," मी म्हणाले. "त्या स्क्रूचं तुम्हाले काहीतरी सांगाचं हाय."