बांधाखालची माती

गंगाखेडच्या बसस्थानकासमोर माझी रक्त तपासायची लॅब आहे. एक खोली, दोन यंत्रं, बाहेर सहा खुर्च्या. बारा वर्षं हेच काम केल्यामुळे एक सवय लागली आहे. आकडा नावडला तर मी एकदा परत तपासते, आणि फारच आवडला तर दोनदा.

राजनंदिनी पहिल्यांदा आली ती दसऱ्याच्या आदल्या सोमवारी. वय एकवीस, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. सोबत तिचे वडील आप्पाराव होते. नदीकाठच्या गावात त्यांचं सात एकर रान, कापूस आणि सोयाबीन. मुलीच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होत्या. तीन वर्षं शौचावाटे रक्त जात होतं. परभणीच्या डॉक्टरांनी आतडं काढायचं ठरवलं होतं, पण हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय ते ऑपरेशनला हात घालणार नव्हते. लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट आणखी बिघडायचं. शिरेतून लोह दिलं तेव्हा अंगभर गांधी उठून घसा सुजला होता. आकडा सातच्या खाली गेला तर रक्त चढवायचं, तोवर दर सोमवारी माझ्याकडे तपासणी.

मी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतली कड वहीच्या कागदासारखी पांढरी. यंत्राने ७.२ दाखवलं.

दसरा झाल्यावर ती आली तेव्हा ७.९ होतं. मला बरं वाटलं.

"रक्त जायचं कमी झालं का गं?"

"न्हाई ताई. तसंच हाय. दिवसातनं सात-आठ बार जावं लागतंय."

पुढच्या सोमवारी ८.८. मी नमुना पुन्हा लावला, मग दुसऱ्या यंत्रावर, मग नांदेडच्या लॅबला पाठवला. तिथूनही ८.८ आलं. एका बाजूने रक्त वाहतंय आणि दुसऱ्या बाजूने वाढतंय, असं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला आनंदाने काही सुचेना. रविवारी रात्रीपासूनच मी सोमवारची वाट पाहू लागले. राजनंदिनी आता जीपमधून उतरून पायऱ्या एका दमात चढायची. गाल भरले होते. ९.७ चा कागद तिने माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि हसली.

हसली तेव्हा दातांच्या फटींत काळं दिसलं.

"तू माती खातेस?"

तिने वडिलांकडे पाहिलं. आप्पाराव खाली बघत म्हणाले, "आमी लय सांगून बघितलं, ताई. ऐकत न्हाई."

"खायलीय," ती शांतपणे म्हणाली. "दसऱ्यापासनं. आमच्या बांधाखालची. दुसरीकडची न्हाई चालत. दुसरीला वासच न्हाई."

मला नवल वाटलं नाही. अंगातलं लोह संपलं की माणसाला माती, खडू, बर्फ खावासा वाटतो. अशा बाया मी कितीतरी पाहिल्या आहेत. पण मातीने रक्त वाढत नाही. उलट पोटात असलेलं लोहही ती धरून ठेवते. हे मी तिला सांगितलं. तिने ओढणीची गाठ सोडून एक ढेप माझ्या टेबलावर ठेवली. मुठीत घट्ट आवळलेली, वर चार बोटांचे ठसे. जवळ नेली तर भिजलेल्या लोखंडासारखा वास आला.

माझा वर्गमित्र परमेश्वर परभणीला मातीपरीक्षणाचं काम करतो. ढेप मी त्याच्याकडे पाठवली. शुक्रवारी त्याचा फोन आला.

"सुकेशनी, ही माती कुठनं आणलीस?"

"का? लोह लय आहे ना?"

"तेच तर. लोहच नाही. बाकी सगळं आपल्या काळ्या रानासारखंच आहे. फक्त लोह कोणीतरी वेचून घ्यावं तशी झालीय. मी दोन बार केलं."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या मातीत लोह नाही, तिला लोखंडाचा वास कसा येतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी यंत्राने १०.७ दाखवलं.

राजनंदिनीने मला मिठी मारली. आप्पाराव बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मी परभणीला फोन लावला. डॉक्टरही खूश झाले. म्हणाले, पुढच्या आठवड्यात दाखल करा, रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवू, गट कळवा.

तिचा गट बी पॉझिटिव्ह. कॉलेजच्या शिबिरातलं कार्ड तिच्याकडे होतं. तरीही मी काचेवर थेंब घेतला आणि औषध मिसळलं. या तपासणीत एकतर पेशींच्या गुठळ्या होतात, नाहीतर होत नाहीत. इथे निम्म्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. निम्म्या मोकळ्या तरंगत राहिल्या.

मी नवीन बाटली फोडली. तेच. बोटातून ताजं रक्त घेतलं. पुन्हा तेच.

दुसऱ्या माणसाचं रक्त चढवल्यावरच असं दिसतं.

"काका, हिला कधी रक्त चढवलंय? लहानपणी, कुठं दवाखान्यात?"

"कधीच न्हाई, ताई. कामून?"

मी काच पुन्हा उजेडाला धरली. भीती वाटत नव्हती, हे मला आजही आठवतं. बारा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी माझ्या काचेवर होतं आणि ते कुठून आलं हे मला बघायचं होतं. साडेअकराला लॅबला कुलूप लावलं आणि त्यांच्यासोबत जीपमध्ये बसले.

रान नदीला लागून होतं. कापूस फुटून पांढरा झाला होता. लांब तिकडे चार बाया वेचणी करत होत्या, त्यांचं बोलणं वाऱ्यावर ऐकू येत होतं. राजनंदिनी आमच्या पुढे जवळजवळ पळत होती. बांधाच्या पायथ्याला हात जाईल एवढं भोक होतं. कडा गुळगुळीत, आजूबाजूला गवताची काडी नाही. वास पाच पावलांवरूनच आला.

"खणू या," मी म्हणाले.

आप्पारावांनी कुदळ आणली. माती ओली होती, भराभर निघत होती. मी हाताने ढेकळं बाहेर टाकत होते, साडी चिखलाने भरली होती. मांडीइतकं खोल गेल्यावर कुदळ खाली सटकली. खाली पोकळ होतं.

मी पोटावर झोपून मोबाईलचा उजेड आत टाकला.

आत रांजणाएवढी जागा होती. खालून आणखी कुठेतरी जात होती, तिथवर उजेड पोचत नव्हता. भिंतींवर बोटांचे ओरखडे होते. शेकडो. सगळे खालून वर आलेले.

तोंडाशी, जिथे राजनंदिनीचा हात पोचत असेल तिथे, तीन ढेपा ओळीने ठेवल्या होत्या. मुठीत आवळलेल्या. ओल्या.

"राजनंदिनी, या ढेपा तू करून ठेवतेस?"

"न्हाई ताई. हात घातला की अशाच मिळत्यात."

आप्पारावांनी कुदळ खाली ठेवली. वेचणीवाल्या बायांचं बोलणं थांबलं होतं, की मलाच ऐकू येत नव्हतं, सांगता येत नाही.

ती माझ्या शेजारी कधी आडवी झाली ते कळलं नाही. उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला होता.

"काढ," मी म्हणाले.

ती हलली नाही. चेहरा शांत होता.

"राजनंदिनी, हात बाहेर काढ."

"धरलाय," ती हळूच म्हणाली.

आप्पारावांनी तिची कंबर धरली. मी खांदा धरला. आम्ही ओढलं. खालून कोणी ओढत नव्हतं. फक्त सोडत नव्हतं.

मग सोडलं.

आम्ही तिघंही मागे पडलो. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. आप्पारावांचे कपडे चिखलाने माखले होते. राजनंदिनीचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत स्वच्छ होता. नखांतसुद्धा मातीचा कण नव्हता.

आप्पारावांनी त्याच दिवशी दोन ट्रॉली दगड टाकून ती जागा बुजवली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांना मी गटाबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी तिथे पुन्हा तपासलं तेव्हा साधा बी पॉझिटिव्ह निघाला. माझं औषध खराब असेल असं ते म्हणाले. मी वाद घातला नाही. पिशव्यांची गरजही पडली नाही. आतड्याचा त्रास संपला. राजनंदिनीने परत कधी माती मागितली नाही.

संक्रांतीनंतर ती तपासणीला आली, एकटीच, कॉलेजची बॅग अडकवून. परीक्षेबद्दल, पुढे नर्सिंगला जायचं म्हणून, काय काय सांगत होती. मी उजव्या दंडाला पट्टा बांधला. शीर ठळक होती, नवशिक्यालाही सापडली असती. सुई घातली. नळी रिकामी राहिली. सुई थोडी फिरवली, मग दुसरी शीर धरली. हात उबदार होता, बोटं हलत होती, नळीत काहीच आलं नाही.

ती बोलायची थांबली. पट्टा तिने स्वतःच सोडला आणि डावा हात पुढे केला.

"ह्यातनं घ्या, ताई."

डाव्या हाताची नळी लगेच भरली. यंत्राने १२.४ दाखवलं. तिने कागद घडी करून बॅगेत ठेवला, माझ्या पाया पडली आणि पाथरीची बस पकडायला निघून गेली.

उजव्या हातावर दोन ठिकाणी दाबायला दिलेला कापसाचा बोळा टेबलावरच राहिला होता. टाकण्याआधी मी तो उलटून पाहिला. दोन्ही बाजूंनी तो पांढराच होता.