हवं तेव्हा ऐका

रेडिओ केंद्राच्या जुन्या फिती संगणकावर उतरवायच्या, तारीख आणि विषय लावून केंद्राच्या ॲपवर चढवायच्या, म्हणजे कुणालाही हव्या तेव्हा ऐकता येतात, हे माझं काम. सासूबाई त्याच केंद्रावर सत्तावीस वर्षं निवेदिका होत्या. श्रोत्यांची पत्रं वाचून उत्तरं द्यायच्या. त्यांचे एकशे चाळीस भाग मी हौसेनं चढवले. त्या म्हणाल्या, घरात कुणी माझं ऐकत नाही, जगाला तरी ऐकू दे. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आठवड्याभरानं जेवताना त्या मध्येच थांबल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पाचेक मिनिटांनी, वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं. त्यांना काही जाणवलंच नव्हतं. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, घसा ठणठणीत. नवरा म्हणाला, वय झालंय आईचं.

मला असं मोघम काही पटत नाही. मी वहीत वेळा लिहायला लागले: आवाज कधी गेला, कधी आला. कोणता भाग कुणी किती वाजता ऐकला, ते ऑफिसात दिसतं. ती यादी वहीशेजारी ठेवली. मिनिटाला मिनिट जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून घरी फोन लावला. गॅसवर दूध ठेवलंय, असं काहीतरी त्या सांगत होत्या. मी तिसरा भाग सुरू केला. एका कानात त्यांचा चाळिशीतला खणखणीत आवाज. दुसऱ्या कानात, फोनमध्ये, नुसता श्वास.

मी भाग बंद केला.

"उतू जाईल गं, ठेवते मी," त्या म्हणाल्या.

त्याच तासात मी सगळे भाग ॲपवरून काढून टाकले. संध्याकाळी त्या अखंड बोलत होत्या, मला भाजी चिरता येत नाही इथपासून सगळं. इतकं गोड मला कधी काही लागलं नव्हतं.

सोमवारी आवाज पुन्हा गेला. मी तंत्रज्ञाकडे धावले. त्यानं हात वर केले. लोकांनी भाग आपापल्या फोनवर उतरवून घेतलेत, एकमेकांना पाठवलेत, आता कोण कुठं ऐकतंय ते आपल्याला दिसणारही नाही, म्हणाला.

मग आवाज दिवसातून तासभर यायचा. मग पहाटे चार शब्द. त्या चार शब्दांत एकदा त्यांनी विचारलं, "तू काही केलंस का गं?"

मी नाही म्हणाले.

परवापासून तेही नाही. लिहायला कागद पुढं केला तर त्या कागदाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

काल मी मूळ फीत लावली. लावू नये हे कळत होतं. पण आवाज तसाही गेलेलाच होता, आणि मला तो हवा होता.

पहिलं पत्र वाचून झालं. तिथं चार सेकंद शांतता आहे, मला पाठ आहे.

या वेळी शांतता नव्हती. आवाज चाळिशीतला नव्हता. आजचा होता, थकलेला.

"सूनबाई, इतकी माणसं कशाला गं आणून बसवलीस इथं? कुणी काही बोलत नाही. नुसती ऐकतायत."