समर्थचा गुरुवार

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाची, भरतची आहे. भुतंखेतं म्हणजे ज्यांना थट्टा वाटते त्यांनी खुशाल हसावं. मीही हसायचो.

गुरुवार, २९ फेब्रुवारी २०२४. सकाळचे साडेसात.

घोडेगावहून डिंभ्याकडे जाताना टेकडीवर एक सेमिनरी आहे. अँग्लिकन परंपरेतले पाळक तिथे तयार होतात. अकरा विद्यार्थी, एक प्राचार्य आणि स्वयंपाकाला ठमाबाई. नाव सांगत नाही, तिथे अजून पोरं शिकताहेत.

तिथला दिवस घंटेवर चालतो. चॅपलमधली उपासना, झाडलोट, वर्ग, भाजीचे वाफे, पुन्हा चॅपल. ईस्टरआधी लेंटचे चाळीस दिवस येतात, तेव्हा चहातली साखर बंद होते आणि रात्रीच्या उपासनेनंतर मौन लागतं. ते सुटतं सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर. ज्याचा वार असेल त्याने उभं राहून अन्नासाठी प्रार्थना म्हणायची. बाकीच्यांनी डोळे मिटून 'आमेन' म्हणायचं. तोवर कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

काहीही झालं तरी.

गुरुवार समर्थचा होता.

समर्थ पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाडीचा. अंगात घालायला दोनच शर्ट, पण प्रार्थना म्हणायला लागला की प्राचार्यसुद्धा डोळे पुसायचे. त्या वर्षी पाळकपदाच्या दीक्षेसाठी बिशपसाहेबांकडे एकच नाव जाणार होतं. समर्थचं, नाहीतर भरतचं. समर्थ आधीचे दोन गुरुवार उशिरा आला होता. तिसऱ्यांदा उशीर झाला तर नाव कटेल, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

मग भरतने काय केलं?

समर्थ अंघोळीला गेला, तशी बाथरूमला बाहेरून कडी घातली.

दहा मिनिटं. एवढंच मनात होतं म्हणे.

आत गॅसचा गिझर चालू होता. गारठा म्हणून खिडकी गच्च लावलेली.

टेबलावर सगळे येऊन बसले. उपीट निवत चाललं. समर्थची खुर्ची रिकामी होती.

आणि अंगणापलीकडून आवाज आला...

धप्... धप्...

सगळ्यांनी ऐकला. प्राचार्यांनी मान वर केली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पण मौन सुटलं नव्हतं, आणि ते सोडवणारा तर आलाच नव्हता. कोणी उठलं नाही. भरत ताटलीतल्या मोहऱ्या बघत बसला.

आणखी एकदा... हळू.

मग काहीच नाही.

आवाज थांबला तेव्हा भरतला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

वीस मिनिटांनी प्राचार्यांनी खुणेने त्यालाच बघायला पाठवलं. त्याने आधी कडी काढली, आवाज न करता. मग दार ढकललं. मग ओरडला.

गिझरच्या गॅसने गुदमरून मृत्यू, अशी पोलिसांत अपघाताची नोंद झाली.

समर्थची आई, सोनीबाई, दुपारच्या एसटीने आली. भरतने तिला पाणी दिलं. तिने त्याचा हात धरला.

"पोरा, त्यानं हाक मारली व्हती का रं?"

"न्हाई, मावशी. काय बी आवाज आला नाय."

"मंग बरं. तरास झाला नसंल लेकराला." आणि तिने भरतच्याच डोक्यावरून हात फिरवला. नीच माणूस! माझा भाऊ असला तरी म्हणतो.

पुढचा गुरुवार, ७ मार्च. समर्थचा वार आता भरतकडे आला होता.

तो उभा राहिला. सगळ्यांनी डोळे मिटले. त्याने श्वास घेतला, तोंड उघडणार...

"आमेन."

सगळे एकदम म्हणाले. चमचे वाजले, गप्पा सुरू झाल्या.

भरत अजून एक शब्दही बोलला नव्हता.

"लई बेस म्हनलास राव," शेजारचा सुदर्शन म्हणाला. "काटा आला अंगावर."

पोरं चेष्टा करताहेत असं भरतला वाटलं. पण दाराशी ठमाबाई पदराने डोळे टिपत होती. "अगदी समर्थवानी," ती म्हणाली.

१४ मार्चला तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. दातांखाली जीभ धरली.

तरी 'आमेन' आलं...

प्राचार्यांनी त्याला जवळ घेतलं. म्हणाले, आता तुझी प्रार्थना मनातून येते. त्याच दिवशी त्याचं नाव बिशपसाहेबांकडे गेलं. भरतने मान लववून आशीर्वाद घेतला. भीतीपेक्षा हाव मोठी होती.

२१ मार्च. बिशपसाहेब स्वतः नाश्त्याला आले होते.

भरत उभा राहिला. डोळे मिटले गेले. तो 'आमेन'ची वाट बघू लागला.

आलं नाही.

एक मिनिट... दोन मिनिटं...

सुदर्शनने डोळे उघडले. मग बाकीच्यांनी. एकेकाचा चेहरा उतरत गेला. सगळे भरतच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होते आणि ऐकत होते. ठमाबाईच्या हातून चहाची किटली पडली. भरतला तेवढाच आवाज ऐकू आला.

बिशपसाहेब उठले.

"कडी तू घातलीस?"

त्याच दुपारी भरत बॅग घेऊन फाटकाबाहेर होता. पोलीस आले, चौकशी झाली. पण मिटल्या तोंडातून आलेला जबाब कागदावर घ्यायचा तरी कसा? प्रकरण तिथेच राहिलं. त्या सकाळी आपल्या नावाने काय काय बोललं गेलं, हे भरतला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे निमगाव सावाला आला. संध्याकाळी कांद्याच्या वावरात बांधावर दोघं शेजारी बसलो. तिथे मी हे सगळं ऐकलं. अगदी बारीकसारीक, तासभर, खालच्या आवाजात. लाज वाटत होती म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

संपल्यावर म्हणालो, "भरत, हे तू जाऊन सोनीबाईला सांग."

तो ताडकन उठला. पांढराफटक पडला होता.

"सोनीबाई? तुला... तुला कुनी सांगितलं तिचं नाव?"

"आत्ता तूच की!"

"मी?" तो म्हणाला. "आरं, मी तर आजून सुरुवात कुठून करू त्येच बघत व्हतो..."

भरतचा आवाज लहानपणापासून घोगरा. बांधावर तासभर ऐकला तो घोगरा नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

हल्ली भरतचा फोन आला, की मी तो आईकडे देतो.