बॅगांचा बाक

काचेच्या पेटीतला नाग फणा काढून दिगंबर काशिदांच्या नाकासमोर डोलत होता, आणि काशीद काचेवर टिचक्या मारून त्याला खेळवत होते.

"काय रे, जेवलास का?"

बाजूच्या पडद्यावर हिरवी रेघ सरळ चालली होती. काशिदांच्या मनगटाला भयपट्टी बांधलेली होती. माणूस घाबरला की तळहाताला घाम सुटतो, काळीज धडधडतं. पट्टी ते टिपते, तिच्यावरचा दिवा लुकलुकतो आणि रेघेवर लाट उठते. या रेघेवर साधी सुरकुतीसुद्धा नव्हती.

"बघितलंत?" मेंदू उपचार केंद्राच्या डॉक्टर विभावरी टिळेकर म्हणाल्या. "काहीच नाही."

भिंतीला टेकून उभ्या जुईनं दात आवळले. बाई तिच्या बापाबद्दल असं बोलत होत्या, जसा काही बल्ब उडालाय.

मागच्या वर्षी पप्पांच्या मेंदूत ताप चढला. त्यातून ते वाचले, पण भीती काही वाचली नाही. सुरुवातीला घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग पप्पांनी उकळत्या तेलात बोटानं भजी उलटली. गच्चीच्या कठड्यावर चढून शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या. एकदा हात दाखवून भरधाव ट्रकच्या पुढ्यात गेले, कारण त्यांना पलीकडच्या टपरीवर चहा प्यायचा होता. त्यांचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं. लायसन गेलं, स्कूल आई बघायला लागली. धाकटा ओजू सहा वर्षांचा, त्याला पप्पांबरोबर कोपऱ्यापर्यंतसुद्धा सोडायचं नाही असं ठरलं. उलट पप्पा कुठं निघाले की त्यांच्यामागं कुणीतरी जायचं, शेळीमागं गुराखी जातो तसं.

आता डॉक्टरबाईंनी शेवटचं सांगितलं होतं. मे महिना संपेपर्यंत पट्टीवर एक तरी खरी लाट दिसली तर घरी ठेवून उपचार. नाहीतर सुरक्षागृह. तिथं भिंतींना गाद्या, दारांना बाहेरून कड्या, आणि घरच्यांना भेटायला रविवार.

म्हणून आज फैयाज मुजावरला बोलावलं होतं. सुट्टीत कुठल्या थरारबागेत जायचं हे लोक ज्या थरारजुळणी यंत्राला विचारतात, ते याचंच.

"मॅडम, एक सांगा," मुजावर म्हणाला. "भीतीच नसेल तर थरार कुठून आणायचा?"

"नाहीच येणार. थरार म्हणजे भीतीच, फक्त तिच्या मागून सुटका येते. आधी पोटात गोळा, मग हुश्श. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढी एकेक गाठ असते. बदामगाठ म्हणू. धोका दिसला की ती अंगाला सांगते, पळ. यांची ती तापानं जाळली."

"मग बागेत नेऊन उपयोग काय?"

"हायवे बंद पडला तरी एखादी पायवाट उरते, मुजावर. मेंदूचंही तसंच. दणकून धक्का बसला तर ती पायवाट सापडेल, अशी आशा आहे. फक्त एक पाळा. पाळण्यात त्यांना एकट्यालाच बसवा, शेजारची सीट रिकामी. दुसऱ्याची किंकाळी कानात गेली की रेघेत भेसळ होते."

मुजावरनं पप्पांच्या पट्टीतली नऊ महिन्यांची रेघ यंत्रात भरली. राज्यातल्या सगळ्या बागांच्या, तिथं आलेल्या सगळ्या माणसांच्या रेघा यंत्रात आधीच होत्या. प्रश्न एकच विचारला: या पट्टीवर सगळ्यात मोठी लाट कुठं उठेल?

यंत्रानं उत्तर दिलं. चिमणबाग.

जुईला वाटलं आपण चुकीचं वाचलं. चिमणबाग म्हणजे बदकांच्या होड्या आणि झुकझुक गाडी. तिथं मोठ्या माणसांना पाळण्यात बसूसुद्धा देत नाहीत.

"हे यंत्र आहे का शेवया करायचा साचा?" ती भडकली. "ह्या माणसानं राज्यातला एक पाळणा सोडला नाही! आणि तुम्ही त्यांना बदकात बसवताय?"

"यंत्र कारण सांगत नाही, ताई. नुसती जुळणी सांगतं."

"तुमची जुळणी तुमच्याजवळच ठेवा."

"जुई," पप्पा नागाकडं बघतच म्हणाले, "भांडू नको गं. त्याला झोप आलीय."

काशिदांच्या घरात बाग ठरवायची रीत यंत्राच्या आधीपासूनची होती. ताटात नुसता ठेचा आणि भाकरी. शेवटपर्यंत जो पाणी मागणार नाही, त्याची बाग. दर वर्षी पप्पाच जिंकायचे आणि सगळ्यात भयानक बाग निवडायचे. पाळण्यातून उतरले की केस उभे, डोळ्यांत पाणी, आणि पहिला शब्द, "परत एकदा!" ताप आल्यापासून तो शब्द घरात कुणी ऐकला नव्हता.

आई या खेळात कधीच नव्हती. बाग कुठलीही असो, ती बॅगांच्या बाकावर. चपला, चष्मे, फोन, पाण्याच्या बाटल्या, सगळं मांडीवर घेऊन बसायची. "तू बस की एकदा," असं पप्पा दर वर्षी म्हणायचे, आणि त्याच दमात तिच्याकडं पाकीट देऊन पळायचे.

त्या रात्री घरी तोच खेळ मांडला. ओजूनं पहिल्याच घासाला तांब्या उचलला. राहिले पप्पा आणि जुई. जुईला जिंकायचंच होतं, कारण तिला सह्यकड्याच्या बागेत जायचं होतं. तिथला पाळणा राज्यात सगळ्यात उंच. नावच कडेलोट. ती घास गिळत गेली. कान तापले, नाक गळायला लागलं, ओठ सुजले, पण बया हटेना.

पप्पा मजेत जेवत होते. मध्येच त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या पट्टीवरचा दिवा बारीक लुकलुकला. त्यांनी तांब्या ओढला आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

"हरलो बुवा. तुझी बाग."

"तुम्ही मुद्दाम प्यालात!"

"मी कशाला मुद्दाम? तिखट लागलं." आणि तांब्या तिच्यापुढं सरकवला. "पी आता. डोळे बघ कसे झालेत."

लुकलुकलेला दिवा जुईला दिसला होता. ठेच्यानं घाम येणारच, म्हणून तिनं सोडून दिला.

सह्यकड्याच्या बागेत कडेलोटाचा मनोरा लांबूनच दिसत होता. माणसांना खुर्चीत आवळून वर न्यायचं, पाय हवेत लोंबकळत ठेवायचे, आणि मग खुर्ची सोडून द्यायची. अगदी जमिनीशी येऊन ती थांबायची, कठड्याला उभ्या माणसांच्या तोंडावर वारा मारून.

पप्पा एकटे बसले, सांगितल्याप्रमाणे. शेजारची सीट रिकामी. जुई खाली पट्टीचा हातात मावणारा पडदा घेऊन उभी. खुर्ची सुटली. आजूबाजूच्या खुर्च्यांतली माणसं देवाला हाका मारत खाली आली. पप्पा आले ते जांभई देत.

रेघ सरळ.

"वारा छान आहे वर," ते म्हणाले.

जुईच्या डोक्यात सणक गेली. नऊ महिने तिनं वाट बघितली होती. बाकीचे पाळणे सकाळीच झाले होते, आणि याच्याहून मोठा राज्यात दुसरा नव्हता.

"घाबरा की जरा!" ती ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "एवढं पण जमत नाही तुम्हाला? एकदा! एकदाच घाबरायचंय!"

पप्पा तिच्याकडं बघत राहिले. "जमत असतं तर तुझ्यासाठी केलं नसतं होय गं?"

 रडू येण्याआधी तिला तिथून निघायचं होतं. आई ओजूला खायला घालायला गेली होती. जुईनं पायातल्या चपला काढल्या, बॅगा आणि पडदा उचलला आणि सगळं पप्पांच्या हातात कोंबलं.

"धरा. बसा बाकावर. मी जाऊन येते."

पप्पा आयुष्यात पहिल्यांदा बॅगांच्या बाकावर बसले.

वर गेल्यावर जुईला सगळी बाग दिसली, आणि बाकही दिसला. पप्पा बसले होते. मग उभे राहिले. मग खुर्ची सुटली, आणि ती नऊ महिन्यांचं साठलेलं सगळं ओरडत खाली आली. शिव्यासुद्धा दिल्या, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

खाली बाक रिकामा. बॅगा जमिनीवर. कठड्याजवळ घोळका, आणि घोळक्यातून कसला तरी कर्कश आवाज. ती अनवाणी धावली, माणसं ढकलत आत घुसली. पप्पा कठड्याला धरून उभे होते. तोंड राखेसारखं, सदरा घामानं भिजलेला. तिच्या चपला त्यांनी छातीशी घट्ट धरल्या होत्या.

"पप्पा! छातीत दुखतंय का? पाणी आणा कुणीतरी! बघत काय बसलाय?"

"जुई." त्यांनी तिचा दंड पकडला.  "तुझा पट्टा... नीट लावला होता ना त्यांनी? मला खालून सैल दिसला गं."

तेव्हा कुठं तिला कळलं की तो कर्कश आवाज पप्पांच्या मनगटातून येतोय. पायाशी पडलेल्या पडद्यावरची रेघ कडा चढून वरच्या चौकटीला धडकली होती.

ती तिथंच बसली आणि ढसाढसा रडली. पप्पांना वाटलं हिला लागलं. रेघ पुन्हा चढली.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या केंद्रात डॉक्टर टिळेकर ती लाट बघत बसल्या होत्या.

"ही बदामगाठीतून आलेली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "स्वतःच्या जिवाची भीती त्या गाठीतून जाते. ती यांची गेली. पण आपल्या माणसाच्या जिवाची भीती दुसऱ्याच वाटेनं येतेय. ती वाट शाबूत आहे. मी पायवाट शोधत होते, आणि..." त्यांनी लाटेवर बोट ठेवलं. "आणि शेजारची सीट मीच रिकामी ठेवायला लावली. ज्या किंकाळीमुळं लाट आली असती, तिलाच मी भेसळ म्हटलं."

"म्हणून चिमणबाग!" मुजावरनं कपाळावर हात मारला. "तिथं मोठ्यांना पाळणेच नाहीत. मोठी माणसं सगळी दिवसभर कठड्याला उभी. आणि आईबापांच्या तिथल्या लाटा बघा, मॅडम, कडेलोटात बसणाऱ्यांपेक्षा मोठ्या! यंत्राला काशीदसाहेबांची नऊ महिन्यांची रेघ त्यांच्यासारखी दिसली असणार. हे बघा, ओजू खिडकीत चढला त्या दिवशी छोटी लाट. आणि ही परवाची, जेवताना. अशा लाटा आम्ही घामाच्या म्हणून सोडायचो."

जुई त्या छोट्या लाटेकडं बघत राहिली. ठेच्याची नव्हती ती. तिच्या सुजलेल्या ओठांची होती.

"यात नवीन काय शोधलंत?" कोपऱ्यातून आई म्हणाली. "बारा वर्षं मी त्या बाकावर बसते. मला बांधली का कुणी पट्टी?"

 पप्पा तिच्याकडं वळले.

"तुला असं व्हायचं?"

"दर सुट्टीला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'परत एकदा' म्हणत पळायचात. ऐकायला थांबला होता कधी?"

 तिच्या मांडीवरची पिशवी पप्पांनी हळूच उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

डॉक्टरबाईंनी सुरक्षागृहाचा विषय तिथंच संपवला. जाताना म्हणाल्या, "यांच्यामागं राखणदार लावू नका. यांनी ज्याला राखायचं, असं कुणीतरी कायम यांच्या हाताशी द्या."

घरातले सगळे नियम उलटे झाले. ओजूला पप्पांबरोबर सोडायचं नाही, त्याऐवजी पप्पांनी ओजूशिवाय बाहेर पडायचं नाही. त्याचं बोट हातात आलं की हा माणूस रस्ता ओलांडताना तीन-तीनदा दोन्हीकडं बघायचा. ओजू कढईजवळ आला की भज्यांचा बेतच रद्द. "पप्पा लई भित्रे झालेत," अशी ओजूची तक्रार सुरू झाली, आणि ती ऐकून आई पदर तोंडाला लावून हसायची.

पुढच्या एप्रिलात मुजावरनं आपणहून पप्पांची रेघ यंत्राला दिली आणि जुईला फोन केला. जरा चाचरतच.

"ताई, यंत्र बिघडलेलं नाही, आधीच सांगतो. पण या वर्षी ते बागच देईना. म्हणतंय, या पट्टीवर आत्ता रोज जी लाट उठतेय, तेवढी राज्यातल्या कुठल्याच बागेत उठणार नाही. करताय काय तुम्ही त्यांना?"

"मी कुठं काय करतेय?" जुई म्हणाली. "ठेवा, मला उशीर होतोय."

खाली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती. जुईला अठरा लागले होते आणि कच्चं लायसन हातात आलं होतं. शिकवायला आईनं नेमलेला शिक्षक शेजारी बसला. मागच्या सीटवर ओजू मधोमध, आणि खिडकीशी पप्पा, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. मांडीवर सगळ्यांच्या बॅगा.

रंकाळ्याच्या कडेनं गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. वळणावर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध रवंथ करत उभी होती.

"ब्रेक!" पप्पा किंचाळले. "अगं बाई, म्हैस! म्हैस! जुये, ब्रेक मार! आई गं!"

पट्टी केकाटायला लागली. गाडी आचके देत म्हशीपासून दोन बैलगाड्या बसतील एवढ्या लांब थांबली. म्हशीनं कान हलवला.

 जुईनं आरशात बघितलं. पप्पांचे केस उभे होते, डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांच्या तोंडून एक लांबलचक हुश्श निघालं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना खदखदून हसू फुटलं.

पुढं वाकून त्यांनी जुईच्या खांद्यावर थाप मारली.

"परत एकदा!"